सलग बारा महिने

अवसरी बुद्रुक
११ जून २०२४

चि. समाधान,

जय भीम. मी फोन केला की तू कापतोस, आणि चुकून उचललास तर "आई, ड्युटीवर आहे, मग बोलतो" म्हणतोस. तुझं ते 'मग' दोन वर्षं झाली उजाडलेलं नाही. म्हणून हा कागद. फोन कापता येतो, कागद फाडावा लागतो, आणि आईच्या हातचं पत्र फाडण्याइतका तू अजून निगरगट्ट झाला नसशील असं मी धरून चाललेय. पिंपळवंडीचा संपत सुट्टी संपवून मस्कतला परत निघालाय. परवा आळेफाट्यावरून मुंबईची गाडी धरणार आहे. तुझ्याच कंपनीत, तुझ्याच कॅम्पात राहतो, तेव्हा पत्र मिळालं नाही हे मला सांगू नकोस.

तुझ्या वकिलाची नोटीस आली. नदीशा तुझ्या लेकीच्या, समृद्धीच्या, वह्या घ्यायला मंचरला गेली होती, म्हणून पोस्टमनने माझ्या हातात दिली. दोघांच्या संमतीने घटस्फोट, आणि दिवाळीपर्यंत तिची सही पाहिजे. वा रे वा! लग्न करताना मला विचारलं नव्हतंस. मस्कतहून श्रीलंकेची बायको घेऊन थेट दारात उभा राहिलास. तेव्हा मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही आणि पाचव्या दिवशी तिला भाकरी थापायला शिकवली. आता सोडतानाही विचारायचं नाही म्हणतोस. बरं. पण मी ही नोटीस तिला दाखवलेली नाही आणि दाखवणारही नाही, कारण मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे.

तुला ठाऊक नसेल, कारण तू विचारलं नाहीस. आम्ही तिच्या नागरिकत्वाचा अर्ज करायला निघालो होतो. तुझ्या वर्गातला सुदर्शन, त्याचं मंचरला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यानं सगळे नियम वाचून काढले. भारतीयाची बायको असेल तर सात वर्षांची वस्ती लागते. ती तिची झाली आणि वर उरली. पण अर्जाच्या आधीचे बारा महिने सलग देशात पाहिजेत. फारच अडचण असली तर तीस दिवसांपर्यंत सूट मिळते, तीही वरच्यांनी मनावर घेतलं तर. सुदर्शनने तिच्या पासपोर्टवरचे शिक्के बघितले आणि चष्मा काढून ठेवला. "मावशी, हे नाय बसत," म्हणाला.

बाप वारला म्हणून ती फेब्रुवारीत गेली, ती एकवीस मेला परत आली. घोळ कसा झाला तेही सांगते. तिला गाडीत बसवताना मी म्हणाले होते, "पुण्यानुमोदन नीट उरकून ये, मधेच उठून येऊ नको." आपल्यात काय, आठ-दहा दिवसांत जलदान होतं, भन्तेजी येतात, पंगत बसते, पाहुणे आपापल्या गावाला जातात. मला वाटलं बुद्ध तोच, पंचशील तेच, मग दिवसही तेच असतील. त्यांच्यात सातव्या दिवशी एक दान आणि तीन महिने भरले की दुसरं, मोठं. तिला भाऊ नाही. थोरल्या लेकीनं भिक्खूंना वाढायचं असतं. तिनं फोनवर विचारलं, "अम्मा, तीन महिन्यांचं राहिलंय, थांबू का?" मी म्हटलं थांब. इकडे कोणी दिवस मोजत बसलंय हे मला कुठं माहीत! आणि माहीत असतं तरी बापाच्या दानावरून लेकीला उठ म्हणाले असते असं मला वाटत नाही.

तर आता पुढच्या वर्षीच्या एकवीस मेनंतर अर्ज. तोवर तिनं देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि तू तिचा नवरा राहायचं. अर्जावर तुझी सही लागेल, आणि निकाल लागेपर्यंत तू कोर्टात जायचं नाही. तिचा व्हिसा तुझ्या नावावर चालतो. तू सोडलंस की तो संपला. मग ती कोलंबोला आणि पोर इथं, नाहीतर दोघी तिकडे आणि मी इथं भिंतींशी बोलत बसायचं.

तुला नवऱ्यासारखं वागायला सांगत नाही. ते तू केव्हाच सोडलंस. फक्त कागदावर उभा राहा. एवढं तर जमेल?

तुझी आई,
जानकाबाई


२४ सप्टेंबर २०२४

समाधान,

तुझा निरोप संपतच्या फोनवरून आला. "आई, माझं पण आयुष्य आहे. जानेवारीच्या पुढं मी थांबणार नाही." वाक्य मी तीनदा ऐकलं. तुझा आवाज बसलेला वाटला. सर्दी झाली असेल तर हळद-दूध घे. आणि आयुष्य तुझं आहे, ते मला मान्य आहे. पण त्यात तू दोन माणसं आणून ठेवली आहेस, ती काय कपाटात घालून ठेवू?

आता नीट वाच. तिचा व्हिसा या महिनाअखेर संपतोय. परवा आम्ही दोघी पुण्याला पोलिसांच्या ऑफिसात गेलो होतो. पहाटेच्या एसटीने निघालो, दुपारी नंबर लागला. खिडकीतली बाई बोलायला बरी होती. सगळे कागद बघितले, मग म्हणाली, "नवऱ्याचं चालू तारखेचं पत्र कुठंय? पत्नी माझ्यासोबत नांदते, तिची जबाबदारी माझी, असं?" नदीशा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "पाठवतोय तो, ओमानला असतो." बाई म्हणाली, "येतात का इकडे?" मी म्हटलं, "दिवाळीला येणार आहे."

चाळीस वर्षं अंगणवाडीत पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि तिथं पोलिसांच्या ऑफिसात उभं राहून तुझ्यासाठी धडधडीत खोटं बोलले. बोलून झाल्यावर मी खिडकीची कड धरून राहिले. नदीशाच्या लक्षात आलं, तिनं मला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. तिला वाटलं उन्हानं झालं.

रांगेत एक जण होता, चांगला इस्त्रीतला माणूस. आमचं बोलणं ऐकून जवळ आला. "ताई, एवढं कशाला? पासपोर्ट हरवला म्हणून सांगा. नवा काढा. शिक्के गायब, तीन महिने गायब. लगेच अर्ज करा." माझ्या मनात, खोटं कशाला सांगू, क्षणभर आलं की बरं होईल की रे. नदीशा त्याला म्हणाली, "भाऊ, माझ्या बापाच्या मरणाचा शिक्का आहे तो. तो कसा हरवू?" तो माणूस खजील होऊन लांब जाऊन उभा राहिला.

पत्र चार ओळींचं आहे. मजकूर सुदर्शन या कागदाच्या फोटोसोबत संपतच्या फोनवर पाठवतोय. तू फक्त सही करून परत पाठव. तीस तारखेच्या आत. ते आलं नाही तर ती बेकायदा ठरते, आणि एकदा तसा शेरा बसला की बारा महिनेच काय, बारा वर्षं राहूनही उपयोग नाही, असं सुदर्शन म्हणतो.

परवापासून मी जेवताना फोन ताटाशेजारी ठेवते. समृद्धी मला म्हणते, "आज्जी, तूच सांगती ना जेवताना फोन नको?" काय सांगू तिला?

आई


६ नोव्हेंबर २०२४

समाधान,

पत्र एकोणतीस तारखेला रात्री आलं. शेवटच्या दिवशी पुण्याला पळालो. व्हिसा वाढला. तुला थँक्यू म्हणणार नाही, पण त्या दिवशी सुदर्शनच्या दुकानात पेढे वाटले, तेव्हा एक तुझ्या नावानं मी खाल्ला.

आता दुसरं. नोटिशीतली दिवाळी उलटून गेली, तुझा जानेवारी अजून यायचाय. तरी परवा तू थेट नदीशाला फोन केलास. मी मागल्या दारी वाटाणे सोलत होते. तिचं "हं, हं" एवढंच ऐकू येत होतं. पाच महिने मी जे झाकून ठेवलं ते तू एका फोनवर उघडं करणार, आणि ती आत येऊन मला काय विचारणार, ह्याचाच विचार करत बसले. वाटाण्याची सालं टोपल्यात आणि दाणे उकिरड्यावर टाकत होते.

ती आली. माझ्यासमोर बसली आणि सोलायला लागली. सोलता सोलता म्हणाली, "अम्मा, तुमाला नोटीस आलीय ना?"

मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?"

"त्यानंच, आत्ता. पण त्याचं दुसरं कोणी आहे हे मला फेब्रुवारीपासनं ठाऊक आहे. बाबा गेले तवा मी तिथनं समाधानला फोन लावला होता. एका बाईनं उचलला. हिंदीत बोलली. मला म्हणाली, तो झोपलाय, उठवू का?" नदीशाने दाणे माझ्या सुपात टाकले. "मी म्हटलं, नको, झोपू दे."

"अगं मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमाला लई लागलं असतं. तुमचं बीपी."

घे! मी तिच्यापासून लपवतेय आणि ती माझ्यापासून, आणि दोघी एका चुलीवर स्वयंपाक करतोय. मला रडूच फुटलं. ती रडली नाही. ती म्हणाली, "अम्मा, मला नवरा नको राहिला तर नको. पण मला घर पाहिजे. मी इथं दहा वर्षं राहिले. विहारातल्या बाया मला पुढं बसवून सुत्त म्हणायला लावतात. माझी लेक माझी भाषा बोलत नाय, तुमची बोलते. मी तिकडं जाऊन काय करू? तिथं आता बापही नाय."

तर ऐक. ती म्हणते, प्रमाणपत्र हातात पडलं की दुसऱ्या दिवशी ती तुझ्या घटस्फोटाच्या कागदावर सही करेल. पोटगीचं अवाक्षर काढणार नाही. हे ती बोलली, मी शिकवलेलं नाही. मी असते तर तुझ्याकडून दमडी दमडी वसूल केली असती.

ती फोनवरची बाई केरळची आहे, असं संपत म्हणाला; तिला मी काही म्हणत नाही. मी तिला ओळखत नाही. निदान ती फोन उचलते.

आई


२ फेब्रुवारी २०२५

समाधान,

जानेवारी संपला. रोज सकाळी पोस्टमनची मोटारसायकल मारुतीच्या वळणावर वाजली की मी दारात, कोर्टाचा कागद आला की काय म्हणून. रोज तो हात हलवून पुढं जायचा. परवा शेवटी त्यानंच विचारलं, "आज्जी, कुणाची वाट बघताय एवढी?" मी म्हटलं, "कोणाची नाही बाबा, तू आला नाहीस की मला बरं वाटतं." त्याला ते काही कळलं नाही.

संपतने सांगितलं, तू म्हणालास, "थांबतो म्हणावं जूनपर्यंत, पण अर्जावर सही-बिही मागू नका. उद्या तिचं काही झालं तर मला कोर्टात ओढतील." कोण ओढणार तुला? अरे, खोटं काही नाही त्यात. तू तिचा नवरा आहेस, लग्न घोडेगावला नोंदवलेलं आहे, पोर तुमची आहे. जे आहे त्याच्याखाली सही करायची. बिनसहीचा अर्ज पुण्यात टेबलावरही घेत नाहीत. थांबतो म्हणतोस आणि सही देत नाहीस, म्हणजे मला पाटावर बसवून ताट समोरून काढून घेण्यातला प्रकार आहे.

इकडे उसात बिबट्या आहे. गेल्या आठवड्यात पलीकडच्या वस्तीवरची शेळी नेली. समृद्धीला शाळेतून आणायला नदीशा हातात काठी आणि फोनवर मोठ्यानं गाणी लावून जाते. त्यांच्या सिंहली गाण्यांना बिबट्या काय समजणार, पण पोर हसत हसत घरी येते. तिला पाचवा नंबर मिळाला. तुझा एक फोटो पाठव म्हणाली, शाळेत दाखवायला. चांगला शर्ट घालून काढ.

सहीचं बघ.

आई


१४ मार्च २०२५

समाधान, बाळा,

ह्या कागदाचा समृद्धी फोटो काढून संपतला पाठवते, तो तुला वाचून दाखवेल. लवकर कळायला पाहिजे म्हणून.

तू पडलास हे संपतने सांगितलं तेव्हापासून तीन कागद खराब केले. अक्षर लागलं नाही तर संपतला म्हणावं सावकाश वाच. मांडीचं हाड आणि खुबा. त्यात रॉड घातला. दोन-अडीच महिने अंथरुणात. किती उंचावरून पडलास ते संपत सांगत नाही, म्हणजे उंच असणार.

काल तू नदीशाला फोन केलास. "तू ये," म्हणालास. तुझ्या कंपनीच्या खोलीत नात्याचंच माणूस राहू शकतं, बायको नाहीतर आई-बाप. त्या बाईला तिथं राहू देत नाहीत, कारण कागदावर ती तुझी कोणी नाही. म्हणजे बघ, कागदाची बायको कशाला लागते ते तुला आता कळलं. हे मी टोमणा मारायला लिहीत नाही. नाही, लिहितेय. मारतेय टोमणा. माझा राग जात नाही आणि तू पडलेला आहेस, मी काय करू?

नदीशाने तुझा फोन ठेवला आणि माळ्यावरून बॅग काढली.

मी म्हटलं, "काय करतेस?"

"जाते, अम्मा. मला मस्कत माहितीय, दवाखाना माहितीय, अरबी चार शब्द येतात. पंधरा दिवसांत त्याला उठवून बसवते आणि येते."

"तू गेल्या वर्षी फेब्रुवारीतही लवकर येणार होतीस."

हे मी बोलायला नको होतं. तिचा चेहरा एकदम पडला. तरी तिचे हात थांबले नाहीत, कपड्यांच्या घड्या घालतच राहिली. मी तशीच उठले, मंचरला गेले, सुदर्शनला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, तीस दिवसांच्या आत असलं तर सूट मागता येते. कारण लिहून द्यायचं. पण द्यायची की नाय ते वरच्यांच्या हातात. मिळाली तर मिळाली. नाय मिळाली तर परत शून्यापासनं बारा महिने. आन समाधान परत एक वर्ष थांबंल असं वाटतं का तुमाला?"

मला नाही वाटत. तूच सांग, थांबशील? आणि पंधराचे वीस होतील, विसाचे पस्तीस. खुब्याचं हाड काय तारीख बघून जुळतं?

घरी येऊन मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ठाऊक आहे. तरी जाते. तो पडलाय अम्मा. माझ्या लेकीचा बाप आहे. उद्या ती मला विचारंल, पप्पा पडले तवा तू काय करत होतीस? मी काय सांगू, शिक्का वाचवत होते?"

"आणि तुला इथनं काढलं तर ती काय विचारेल?"

"तुमी त्याच्यावरचा राग माझ्यावर काढू नका."

"राग नाही गं बाई, मला भीती वाटते!" मी ओरडलेच. समृद्धी बाहेरून पळत आली. शेजारची निर्मला कुंपणावरून डोकावली. मला कशाची पर्वा राहिली नव्हती. "तू विमानात बसलीस की मला रात्री झोप येणार नाही. एक पोर तिकडे गेलं ते परत आलं नाही. दुसरं मी कसं पाठवू?"

मग ती खाली बसली आणि रडली. नोव्हेंबरात रडली नव्हती, ते सगळं काल रडली.

तिची बॅग भरून दाराशी आहे. तिकीट काढलेलं नाही. मी तिला दोन दिवस मागून घेतलेत. तू म्हणशील आई दगड आहे. पोटचा पोर परदेशात मोडून पडलाय आणि ही दिवस मोजतेय. मोजतेय रे. रात्रभर तेच करतेय, आणि मधेच उठून तुझा लहानपणचा फोटो बघतेय.

दोन दिवसांनी सांगते.

आई


९ एप्रिल २०२५

चि. समाधान,

मधे पत्र लिहिलं नाही, नुसतं फोनवर "बघतेय, बघतेय" म्हणत राहिले. तू चिडलास, तेही बरोबर आहे. हाही कागद फोटो काढून संपतकडे येतोय, आता ऐक.

नदीशा येत नाही. मी येतेय.

हसू नकोस, टाके दुखतील. त्या दोन दिवसांत पहिल्या रात्री मला सुचलं. "बायको नाहीतर आई-बाप" असं तूच तिला सांगितलं होतंस. मी सकाळी तिच्यासमोर चहा ठेवला आणि म्हटलं, "त्याला नात्याचं माणूस पाहिजे ना? मग मी कोण आहे?" ती म्हणाली, "अम्मा, तुमी पुण्याच्या पुढं एकट्या गेला नाय कधी." मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला जन्म दिला तेव्हाही आधी कधी दिला नव्हता." ती उठून बॅगेतले स्वतःचे कपडे काढायला लागली.

सुदर्शनने पासपोर्ट तातडीचा केला. चौकशीला पोलीस घरी आला, बावीस-तेवीसचा पोरगा. मला म्हणाला, "आज्जी, किती वर्षं राहता इथं?" मी म्हटलं, "लग्न होऊन आले तेव्हापासून." "मधे कुठं बाहेरगावी?" मी म्हटलं, "माहेरी, बाळंतपणाला." त्यानं लिहून घेतलं, चहा प्यायला आणि गेला. पाच मिनिटं लागली. नदीशा चहाचे कप उचलत होती. तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. दहा वर्षं ती फायली घेऊन पुण्याच्या रांगा लावतेय, आणि माझं काम एका कपात झालं.

गेले पंधरा दिवस ती मला तयार करतेय. खाटेवर बसवून ओढणीने विमानातला पट्टा बांधायला शिकवला. विमानतळावर कुठं काय दाखवायचं ते चिठ्ठ्यांवर लिहून नंबर घातलेत. अरबीतलं पाणी, डॉक्टर, दुखतंय, हळू, एवढं पाठ झालंय. समृद्धी माझी परीक्षा घेते आणि चुकलं की पट्टी दाखवते. तुझ्यासाठी कुरडया, मासवड्यांचं सारण आणि नाचणीचं पीठ बांधून दिलंय नदीशानंच. तुझ्या खुब्याला लावायला तिच्या गावचं तेल दिलंय, बापाच्या दानाच्या वेळी आणलेलं. वर म्हणाली, "अम्मा, हळू चोळा, त्याला गुदगुल्या होतात." ऐकून मी परसात जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

कंपनीचा व्हिसा आला. अठरा तारखेला मुंबईहून विमान आहे. सुदर्शन विमानतळापर्यंत सोडणार. तिकडे संपत घ्यायला येणार होता, पण त्याची ड्युटी आहे म्हणतो. तर त्या बाईला पाठव. खरंच सांगते. माझं नाव लिहून पाटी धरायला सांग, मराठीत नसलं तरी चालेल, मी ओळखीन. मला तिच्याशी भांडायचं नाही. एक महिना ती तुला डबा देऊन जातेय, रोज दारातूनच परत जाते, हे संपतने सांगितलंय. तिच्यासाठीही कुरडया आहेत.

अर्ज माझ्या पर्समध्ये आहे. सुदर्शनने सगळा भरून दिलाय. शेवटच्या पानावर तुझी जागा पेन्सिलने खूण करून ठेवली आहे. संपतला मी दोनदा विचारून घेतलं, तुझा उजवा हात शाबूत आहे. म्हणजे अडचण काही नाही.

मी आल्या आल्या कागद पुढं करणार नाही, घाबरू नकोस. आधी तुला बघीन. तुला भरवीन, अंग पुसून देईन, तेल लावीन, तुझं सगळं करीन. सही केलीस तरी करीन आणि नाही केलीस तरी करीन, कारण तू माझा आहेस आणि ते कोणत्या ऑफिसातून पास करून आणावं लागत नाही. पण जेवण झालं की रोज एकदा विचारीन. सकाळी चहानंतर एकदा विचारीन. तुला कडेवर घेऊन मी अंगणवाडीत चाळीस पोरांना एका जागी बसवलं आहे, तुला माझा चिवटपणा माहीत आहे.

एकवीस मेच्या आत सही केलेला कागद घरी पोचला पाहिजे. तोवर नदीशा इथून हलणार नाही, तिला हलता येत नाही. माझं तसं काही नाही, समाधान. मी किती दिवस बाहेर राहिले हे मला आयुष्यात कोणी विचारणार नाही. तू सही करेपर्यंत मी तुझ्या खोलीत बसून राहीन.

तुझी आई,
जानकाबाई